म्हशीचे पैसे

आमच्या घरात पैसा नव्हता, असं माझे चुलतभाऊ हल्ली सगळ्यांना सांगतात. लग्नकार्यात चार माणसं जमली की गरिबीच्या आठवणी निघतात, ऐकणारे हळहळतात आणि सांगणाऱ्यांना बरं वाटतं. मला मात्र संताप येतो. आमच्या घरात पैसा होता. रोज होता. सकाळी होता आणि संध्याकाळीही होता. म्हैस दोन वेळा दूध देते आणि गिऱ्हाईक पैसे देतं, त्यामुळे गवळ्याचं घर कोरडं असतं हे मला कुणी पटवू नये. आमच्याकडे नव्हतं ते एवढंच, की आज हातात आलेल्या पैशातलं काहीतरी उद्या सकाळपर्यंत तसंच राहावं असं वाटणारं माणूस. म्हणजे तसं एक होतं. पण ती बाई होती, त्यामुळे तिला घरात धरलंच नाही.

ती बाई म्हणजे माझी आई, आमची अव्वा. निपाणीच्या पलीकडच्या एका खेड्यातून ती कोल्हापुरात लग्न होऊन आली, म्हणून आम्ही तिला अव्वा आणि वडिलांना आप्पा म्हणायचो. लिंगायत गवळ्यांची आमची गल्ली नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याला होती. पुढे दोन खोल्या, मागे गोठा आणि मध्ये एक दार. ते दार कधी लागलेलं मला आठवत नाही, त्यामुळे म्हशी आमच्या घरातच राहायच्या म्हटलं तरी चालेल. रवंथ करताना साखळीचा आवाज व्हायचा तो ऐकत मी अभ्यास करायची. पहाटे चरवीत पहिली धार पडायची तेव्हा खणखणीत वाजायची, आणि चरवी भरत आली की आवाज जड व्हायचा. अंथरुणात पडल्या पडल्या मला कळायचं की आता उठायला हवं, किटल्या धुवायच्या राहिल्यात. अव्वा धार काढून आली की हात धुऊन तव्यावर भाकरी टाकायची. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही, आणि अमावास्येला होळगी, म्हणजे पुरणपोळी. माझ्या अंगावर जे काही मांस आहे ते त्या दह्याचं आहे.

आप्पांबद्दल वाईट लिहायचं म्हटलं तरी हात जड होतो, आणि तेवढ्यासाठीच मला त्यांचा जास्त राग येतो. दारू नाही, जुगार नाही, बायकोवर हात उचलला नाही. मोठ्या आवाजाचा, उंच, हसरा माणूस. संध्याकाळी आम्ही दोन म्हशी चौकातल्या कट्ट्यावर न्यायचो. तिथे गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाळलेला पेला तसाच कोमट हातात द्यायचा, अशी आमच्याकडे पद्धत. धार अव्वा काढायची, पैसे आप्पा घ्यायचे. तालमीतली पोरं आली की आप्पा माप भरून झाल्यावर आणखी एक ओघळ सोडायचे आणि म्हणायचे, "पी रं, पैलवान हायस तू." पोरं म्हणायची, "आप्पासारखा दिलदार माणूस न्हाय." तो ओघळ ज्या हातांनी काढलेला असायचा ते हात खाली बसून दुसरी चरवी भरत असायचे. त्यांना दिलदार कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

आता त्यांची कारणं सांगते, कारण ती ऐकतच मी मोठी झाले. पहिलं आणि सगळ्यात आवडतं म्हणजे, दुधाचा पैसा शिळा करू नये. दूध रात्रभर ठेवलं की नासतं, तसा दुधाचा पैसा ठेवला की घराला बाधतो, असं ते सांगायचे, आणि हे त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं म्हणायचे. दुसरं म्हणजे, आपल्याला काय पगार आहे का? "सरकारी नोकरी असती तर दर म्हैन्याला बाजूला टाकलं असतं की. आपला धंदा जनावराचा. आज हाय, उद्या न्हाय." उद्या नाही म्हणूनच आज ठेवायचं असतं, हे सरळ बोलणं त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. मग सण. गणपती होऊ देत, दसरा होऊ दे, दिवाळी होऊ दे. दिवाळी झाली की लग्नसराई, आणि ती संपली की पावणेरावणे. वर्षात असा एकही महिना नव्हता की ज्याला साठवायला सुरुवात करता येईल. आणि अव्वाने तोंड उघडलं की आमची गंगूआत्या होतीच. दोन घरं सोडून राहायची. कमरेवर हात ठेवून म्हणायची, "वैनी, तू लई चिकट बाई. तुझ्या म्हायेरात समदी अशीच काय?"

हे सगळं जुनं झालं असं कुणाला वाटत असेल तर त्याने आमच्या बचत गटाच्या बैठकीला येऊन बसावं. पन्नाशी उलटून गेल्यावरही मी तो गट चालवते, आणि दर महिन्याला तेच ऐकते. "काकू, या महिन्यात काही उरलंच नाही." बोलणारीच्या हातात नवा फोन असतो. उरलं की टाकते, म्हणे. उरत नसतं, बायांनो. आमच्या घरात म्हशी होत्या, दूध होतं, कष्ट करणारी दोन माणसं होती, तरी कधी उरलं नाही. मी हे ओरडून सांगते आणि मग घरी येऊन गोळी घेते, कारण डॉक्टरांनी मला ओरडायला मना केलं आहे.

म्हैस वर्षभर दूध देत नाही, हे ज्यांनी पिशवीतलंच दूध पाहिलं त्यांना सांगायला हवं. ती गाभण राहते, व्यायच्या आधी दोन-तीन महिने तिचं दूध आटतं आणि ती भाकड होते. त्या महिन्यांत ती काही देत नाही, पण खाते मात्र तेवढंच, किंबहुना पोटात रेडकू असतं म्हणून जास्त. आमच्या म्हशी आटायच्या त्या नेमक्या उन्हाळ्यात. थंडीत कारखाने चालू असतात, उसाचं वाडं, म्हणजे वरचे हिरवे शेंडे, चाऱ्याला स्वस्तात मिळतं, तोवर सगळं बरं चालतं. कारखाने बंद झाले की वाडं संपतं, कडबा आणि पेंड विकत घ्यावी लागते, आणि तेव्हाच म्हैस आटते. हे दर वर्षी व्हायचं. आणि दर वर्षी आप्पा कपाळाला हात लावून असे बसायचे की जणू घरावर दरोडा पडला. मग दारात हेडी यायचा. हेडी म्हणजे गुरांचा व्यापारी. तो गाभण म्हैस मातीमोलाने घेऊन जायचा, आणि पावसाळ्यात आप्पा उधारउसनवार करून त्याच्याचकडून दुधाची म्हैस दुप्पट-तिप्पट पैसे मोजून आणायचे. आमच्या गल्लीत निम्मी घरं हेच करायची, आणि याला धंदा म्हणायची.

अव्वाला लग्नात माहेराहून एक म्हैस मिळाली होती. तीही अशाच एका उन्हाळ्यात गेली. अव्वा तेव्हा दोन दिवस जेवली नाही, असं आत्याच हसत हसत सांगायची. मागे राहिली ती त्या म्हशीची रेडी, चंद्री. कपाळावर पांढरा ठिपका, शिंगं मागे वळलेली, आणि स्वभाव अव्वासारखाच, तोंडावर काही न दाखवणारा. ती मोठी झाली, आमच्याच गोठ्यात पहिल्यांदा व्याली, आणि अव्वाचा हात लागल्याशिवाय पान्हा सोडायची नाही. ती पहिल्यांदा दुधात होती त्या वर्षीच्या श्रावणात अव्वा मला एकदा गोठ्यात म्हणाली, "मंगल, ही जायाची न्हाय. काय बी हुंदे." मी दहावी होऊन अकरावीला गेले होते. मला वाटलं, नेहमीसारखं बोलतेय.

गणपतीच्या आधी अव्वा माझ्याबरोबर रतिबाला आली. ती कधी यायची नाही, किटल्या घेऊन मीच फिरायची. आमचा सगळ्यात मोठा रतीब सुलोचनाबाईंचा होता. त्या शिवणक्लास चालवायच्या, घरात म्हातारे सासू-सासरे, आणि क्लासच्या मुलींना दुपारी चहा. बोलायला कडक बाई. अव्वा दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही. म्हणाली, "बाई, एक इचारायचं हुतं. तुमच्या दुधाचं पैसं आता देऊ नगा."

"म्हणजे? फुकट देणार आहेस का?"

"फुकट न्हाय. तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. वाडं संपलं की मी येतो न्यायला. चंद्री आटल्यावर तिला घालायला पायजेत."

आमच्याकडे बायकाही येतो-जातो असंच म्हणतात. सुलोचनाबाईंनी चष्मा काढला. "अगं, मग बँकेत टाक की. माझ्याकडे कशाला?"

"बँकेतनं काढायला मालक जातील की. तिथं कुणाची लाज? तुमच्याकडनं मागायला त्यास्नी लाज वाटंल."

सुलोचनाबाई हसल्या नाहीत. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "मालकांना सांगितलंस?" अव्वा म्हणाली, "पंधरा वर्सं सांगतोय. आता न्हाय सांगत." परत येताना वाटेत मी तिला भीत भीत विचारलं, दुधाचा पैसा शिळा केला तर बाधणार नाही का. ती रस्त्यात थांबली. मला वाटलं मारते. "दूध ठेवलं तर नासतंय, व्हय," ती म्हणाली, "पर इरजण लावलं की सकाळी दही हुतंय. ते खातासा न्हवं रोज?" आणि चालायला लागली.

दिवाळीचा पाडवा हा आमच्या गल्लीचा सण. गवळी त्या दिवशी म्हशी सजवून रस्त्यावर काढतात. नदीवर नेऊन घासून धुतात, शिंगं तासून रंगवतात, गळ्यात कवड्यांच्या माळा, कपाळावर मोरपिसं आणि गोंडे. मालक मोटरसायकल घेऊन पुढे, सायलेन्सर काढलेला, आणि त्या आवाजामागे म्हैस धावत सुटते. दोन्ही बाजूंनी लोक शिट्ट्या मारतात. बघायला फार छान असतं, खोटं कशाला बोलू. त्या वर्षी गल्लीतल्या एकाने आपल्या म्हशीच्या पायात चांदीचा तोडा घालायचं ठरवलं होतं. हे कळल्यापासून आप्पांना झोप लागेना. चंद्रीच्या पायात तोडा पाहिजेच. ज्या म्हशीला चार-सहा महिन्यांनी पेंड मिळणार नाही म्हणून विकायची, तिच्या पायात चांदी. आणि वर त्याचंही कारण तयार होतं. अव्वाला म्हणाले, "तू साठीव साठीव म्हंतीस न्हवं? चांदी म्हंजे साठवणच की." तो तोडा हेडी आला की आधी सराफाकडे जाणार हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

पैसे कमी पडत होते. आप्पांनी हिशेब लावला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की गणपतीपासून सुलोचनाबाईंचा रतीब आलेलाच नाही. अव्वा म्हणाली, देतील की. आप्पा म्हणाले, मी बघतो, आणि मला पुढे घालून निघाले. क्लासमध्ये दहा-बारा मुली मशीनवर बसल्या होत्या. आप्पांनी दारातूनच आपल्या मोठ्या आवाजात विचारलं, "बाई, दुधाचं पैसं ऱ्हायल्यात काय? दिवाळी हाय म्हणून आलो, एरवी तगादा न्हाय करत मी."

सुलोचनाबाईंनी हात वर केला आणि सगळ्या मशीन थांबल्या. "पैसे तयार आहेत," त्या म्हणाल्या. "पण ते तुमचे नाहीत. म्हशीचे आहेत."

आप्पांना आधी कळलंच नाही. ते हसले. बाईंनी सगळं सांगितलं, शांतपणे, एकही शब्द न वाढवता. उन्हाळ्यात चंद्री आटली की तुमच्या बायकोच्या हातात देणार, तोवर मागू नका. मुलींपैकी एकीने तोंडाला पदर लावला. आप्पांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता, आणि त्या क्षणी मला त्यांची कीव आली, हेही सांगून टाकते. पण कीव येऊनही मला वाटत होतं की बाईंनी देऊ नयेत. आप्पा नमस्कार करून उतरले आणि घरापर्यंत माझ्या पुढे दहा पावलं चालत राहिले.

घरी जे झालं ते गल्लीने ऐकलं. आप्पा म्हणाले, "मला चोर ठरीवलीस? परक्या बाईसमोर? पोरींसमोर?" आत्या आलीच होती. ती म्हणाली, "नवऱ्याचं नाक कापलं हिनं." अव्वा चुलीपाशी बसली होती. ती उठून उभी राहिली, आणि मी तिला आयुष्यात पहिल्यांदा आप्पांच्या डोळ्याला डोळा देऊन बोलताना पाहिलं.

"चोर न्हाय तुमी," ती म्हणाली. "चोर असतासा तर पैसा लपवून ठेवला असतासा, कदी तरी गावला असता. तुमी समद्यास्नी वाटतासा आणि मला कारणं देतासा. माझी म्हैस गेली तवा पाऊस लांबला हे कारण हुतं. दुसरी म्हैस गेली तवा लगीन कारण हुतं. चंद्री गेली की काय सांगनार हैसा? तोडा घातलाता म्हणून?"

आत्या काहीतरी म्हणायला गेली. अव्वा तिच्याकडे वळली. "आणि मी चिकट हाय. व्हय, हाय. तुमास्नी पेला भरून दूध लागतंय तवा चिकट न्हवतो." आत्या पाच मिनिटं गप्प बसलेली मी तेवढी एकदाच पाहिली. आप्पा बाहेर गेले. तोडा आला नाही. पाडव्याच्या सकाळी ते म्हणाले, चंद्रीला न्यायची नाही, उघड्या पायानं माझी लाज काढायची नाही.

मग अव्वानेच तिला धुतलं. मी शिंगांना तेल लावलं, जुनी कवड्यांची माळ बांधली, कपाळावर हिंगूळ लावला. आम्ही तिला नुसतं दारात उभं केलं होतं. आप्पा दुसऱ्या म्हशीला घेऊन निघाले, मोटरसायकलला किक मारली, आणि चंद्रीने तो आवाज ऐकला. तिला लहानपणापासून त्याच आवाजामागे पळायची सवय. अव्वाच्या हातातून कासरा सुटला आणि ती निघाली, शेपटी वर करून, चौकापर्यंत. लोकांनी असा कल्ला केला की कानठळ्या बसल्या. मी मागे धावत होते, आणि मी मुद्दाम लोकांचे डोळे बघत होते. एकानेही तिच्या पायाकडे पाहिलं नाही. एकानेही नाही. ज्या नजरेच्या भीतीपायी आमचे आप्पा चंद्रीचा अख्ख्या उन्हाळ्याचा चारा पायात बांधायला निघाले होते, ती नजर मुळात कुणाची नव्हतीच. मला आजही त्या दिवसाचा आनंद आधी आठवत नाही, हेच आधी आठवतं आणि अंगाचा तिळपापड होतो.

थंडी गेली. आप्पा अव्वाशी कामापुरतं बोलायचे. वाडं महाग व्हायला लागलं तसं चंद्रीचं दूध कमी झालं, आणि एका सकाळी अव्वा चरवी जवळजवळ रिकामीच घेऊन आली. त्याच दिवशी ती सुलोचनाबाईंकडे गेली. पैसे घेऊन घरी आलीच नाही, परस्पर बाजारात गेली आणि बैलगाडीत कडबा भरून आणला, सोबत पेंडीची पोती. नवा कडबा तेव्हा नुकताच बाजारात आला होता, म्हणून बऱ्या भावात मिळाला. दर वर्षी आम्ही तो उन्हाळ्याच्या शेवटी, सगळ्यात महाग झाल्यावर, पेंढीपेंढीने आणायचो. यंदा गोठ्याचा माळा आढ्यापर्यंत भरला. घरभर कोरड्या कडब्याचा वास सुटला. आप्पा आले, वर बघितलं आणि जेवायला बसले.

आणि तरीही त्यांनी हेड्याला निरोप धाडला होता. हे मी कितीही वेळा सांगितलं तरी मला पटत नाही. म्हशीला खायला आहे, माळा भरलाय, व्यायला दोन महिने आहेत, आणि हा माणूस केवळ दर वर्षी विकतो म्हणून विकायला निघाला. विचारलं असतं तर त्याचंही कारण मिळालं असतं. हेडी आला, चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवला, तिच्याभोवती एक फेरी मारली. आप्पांनी हात पुढे केला, हेड्याने त्यावर आपला टॉवेल टाकला. आमच्याकडे गुरांचा भाव तोंडाने बोलत नाहीत, टॉवेलखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात, म्हणजे बघणाऱ्याला कळत नाही. मी आणि अव्वा मधल्या दारात उभ्या होतो. अव्वाचा हात माझ्या खांद्यावर होता.

हेड्याने वर माळ्याकडे पाहिलं. मग पुन्हा टॉवेलखाली बोटं हलली, आणि आप्पांचा चेहरा बदलला. दर वर्षी जी रक्कम मिळायची तिच्या जवळजवळ दुप्पट होती ती, हे आम्हाला नंतर कळलं. आत्या दाराशी होतीच, तिने आप्पांचा चेहरा वाचला आणि म्हणाली, "दे की रं, इचार कसला करतोयास?" अव्वाचं बोलून झालं होतं.

आप्पांनी हात टॉवेलखालून काढला. "एक सांगा पावणं," ते म्हणाले. "म्हैस तसलीच, दावण तीच. गेल्या वक्ताला का न्हाय दिलासा ह्यो भाव?"

हेडी बिडी पेटवत हसला. "गेल्या वक्ताला तुमची म्हैस उपाशी हुती की. उपाशी म्हशीला भाव कोन देतंय? मालकाला घाई असली की आमी बोटं आखडती घेतो. औंदा तुमास्नी घाई दिसत न्हाय."

आप्पा तिथेच कडब्याच्या पेंढीवर बसले. हेड्याने विचारलं, मग काय करायचं? तेव्हा ते म्हणाले, "इकायची न्हाय." माझ्या खांद्यावरचा अव्वाचा हात एकदम जड झाला. तिला रडू फुटलं होतं आणि ते तिने आवाज न करता रडून घेतलं.

मला आनंद झाला, झालाच. पण त्याच्यासोबत जो राग आला तो आजवर गेलेला नाही. आपल्या बायकोने पंधरा वर्षं घसा कोरडा करून सांगितलेली गोष्ट या माणसाला पटली कधी, तर एका परक्या व्यापाऱ्याने टॉवेलखाली बोट दाबल्यावर. अव्वा तेच सांगत होती. चारा साठवा, म्हणजे गरजेपोटी विकायला लागणार नाही. तिने सांगितलं की चिकटपणा, हेड्याने सांगितलं की व्यवहार. आमच्या गटात आजही बायका नवऱ्याला घाबरून म्हणतात, "ते ऐकत नाहीत, काकू." ऐकत नाहीत हे मला माहीत आहे. म्हणूनच मी त्यांना सांगते, ऐकवत बसू नका.

पावसाळ्यात चंद्री व्याली. रेडी झाली, आईसारखाच कपाळावर ठिपका. चिकाचा खरवस केला, वेलदोडा आणि गूळ घालून, आणि आप्पांनी तो गल्लीभर वाटला. वाटू देत. संध्याकाळी कट्ट्यावर चंद्रीला पुन्हा नेलं तेव्हा तालमीतली पोरं भोवती जमली आणि आप्पांचा आवाज चढला. "बघा, घरची म्हैस. भाकडपणात राखली मी. गल्लीत कुणी राखली न्हाय." मी किटली धरून उभी होते. मी राखली, म्हणे. मला वाटलं ती किटली त्यांच्या पायावर आदळावी. खाली बसून धार काढणाऱ्या अव्वाने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नाही असं बघून आप्पा अव्वाजवळ आले. मी पलीकडे भांडी पुसत होते, मला त्यांनी धरलंच नाही. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "अगं, सुलोचनाबाईंचं तसंच चालू दे. आणि आनिक एक घर बघ. माझ्या हातात आलं की जातंय ते. माझ्या हातात देऊच नगंस."

अव्वा गव्हातले खडे वेचत होती. ती म्हणाली, "हे हितं नगा सांगू. कट्ट्यावर सांगा."

"काय येड लागलंय काय?"

"मी राखली म्हणून चौकात सांगितलासा न्हवं? मग हे बी चौकात सांगा."

आप्पा उठून गेले. संध्याकाळी कट्ट्यावर नेहमीसारखी गर्दी होती. आप्पा कुणाला पैलवान म्हणत नव्हते. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने चंद्रीच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, "आप्पा, ब्येस राखलासा म्हशीला." आप्पांनी घसा खाकरला. मग म्हणाले, "मी न्हाय राखली. हिनं राखली." आवाज नेहमीचाच होता, मोठा, चौकभर ऐकू जाणारा.

धार थांबली. अव्वा चरवी घेऊन उठली, म्हाताऱ्याचा पेला काठोकाठ भरला. त्याने नेहमीच्या सवयीने नोट आप्पांपुढे धरली. अव्वाने ओला हात लुगड्याला पुसला आणि पुढे केला.

"हिकडं द्या," ती म्हणाली.